मयत उठेपर्यंत गल्ली बंद

भिंतीवरचा तो पांढरा डबा तुमचा श्वास मोजतो. हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. जाहिरातीत म्हातारी हसते, नातू हसतो, डबा दिसतसुद्धा नाही. मी सांगते, कारण इचलकरंजीत आमच्या भागातले डबे मीच बसवते.

डबा म्हणजे वायफायचा ॲक्सेस पॉइंट. एक वायर येते, तिच्यातूनच त्याला वीज आणि तिच्यातूनच नेट. भिंतीला लावला की तो आधी आपला साहेब शोधतो. साहेब म्हणजे फायरवॉल, गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत कुलपात ठेवलेलं यंत्र. कोण आत येणार, कोण बाहेर जाणार, कुणी कुणाशी बोलायचं, सगळं ती ठरवते. नवा डबा तिच्या पडद्यावर आधी राखाडी दिसतो, मंजुरीची वाट बघत. मी ‘मंजूर’ दाबलं की हिरवा होतो. मग त्याला शिकवायचं: घरच्यांना कुठली वाट, पाहुण्यांना कुठली. पाहुण्यांची वाट वेगळी ठेवायची, नाहीतर त्यांचा फोन तुमच्या घरातल्या प्रत्येक यंत्रात नाक खुपसतो. एवढं माझं काम. कॉलेजात शिकले नाही. बघून बघून आणि विजेचे झटके खाऊन शिकले.

आता श्वासाचं. ट्यूबलाइटच्या आड पंखा फिरत असला की भिंतीवरचा उजेड थरथरतो, बघितलंय ना? पंख्याकडे पाठ असली तरी तो थांबला की कळतं. वायफायच्या लहरी तशाच घरभर पसरलेल्या असतात. भिंतीवर आपटतात, भांड्यांवर आपटतात, माणसावर आपटतात. माणूस गाढ झोपला तरी त्याची छाती नखभर वर-खाली होते, आणि तेवढ्यानं लहरी थरथरतात. डबा ती थरथर फायरवॉलला कळवतो. एकट्या डब्याला काही उमगत नाही, कारण आमच्याकडे भिंतीला भिंत. एका घरातला खोकला दुसऱ्या घरातल्या लहरी हलवतो. म्हणून फायरवॉल अख्ख्या गल्लीचे डबे एकदम वाचते, शेजाऱ्यांचं वजा करते, आणि मग तिला कळतं की हा श्वास मंगल हावळचा, ही चाल इंदू गुरवची. हे शिकायला तिला तीन आठवडे लागतात. एकदा शिकली की चुकत नाही.

मंगल हावळ माझी आई. तिनं जन्मभर मागासाठी कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळलं. सुताचा कोंडा छातीत बसला, त्यानं हृदय थकवलं. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. दोनदा तो सुरूच झाला नाही. दोन्ही वेळा डब्यानं बोंब मारली आणि मी तिला गदागदा हलवून परत आणलं. त्यामुळे डब्याला नुसत्या शिव्या देऊन मी मोकळी होणार नाही. तो चैनीचा धंदा ज्यांची आई ठणठणीत आहे त्यांनी करावा.

*

आमची गल्ली मागांची. आता मागांच्या जागी गोदामं झालीत, पण मी लहान होते तेव्हा दिवसरात्र खडखडाट असायचा. सगळे ओरडून बोलायचो. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडं भांडणं फार. भांडणं नव्हती, माग होते. तान्ही पोरं त्या आवाजात झोपायची आणि माग थांबले की रडत उठायची.

माग थांबायचे वीज गेल्यावर, नाहीतर कुणी मेल्यावर. मयत झाली की गल्ली बंद. मयत उठेपर्यंत माग बंद, टीव्ही बंद, चूलसुद्धा पेटायची नाही. मालकाचं नुकसान होवो, ऑर्डर अडको, विषय संपला. आणि टीव्ही बंद करायचं काम इलाही मोमीनचं. इलाहीचाचा आमचा केबलवाला. गल्लीच्या तोंडाशी त्याची खोली, खोलीत तारांचं जंगल, आणि भिंतीवर एक मोठा खटका. रडण्याचा पहिला आवाज आला की चाचा चप्पल न घालता पळत जाऊन तो खटका ओढायचा.

माझे वडील गेले तेव्हा क्रिकेटची फायनल चालू होती. वडील जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. मागावर वाकलेले असतानाच छातीत कळ आली. त्यांना घरी आणलं आणि चाचानं खटका ओढला. शेवटच्या षटकांच्या तोंडावर. पोरं त्याच्या दारात जमली.

“चाचा, आवाज बंद ठेवतो की. नुसतं चित्र बघतो.”

“मॅच उद्या पेपरात मिळंल,” चाचा म्हणाला. “दत्तूचं तोंड उद्या मिळणार न्हाई. चला, खांद्याला माणसं कमी हाईत.”

पोरं शिव्या घालत आली, पण आली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आईचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती त्याआधी कधी रडली नसेल असं नाही. मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? त्या दिवशी अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं आणि अख्खी गल्ली गप्प बसून ते ऐकत होती. आजही कुणी मला विचारलं की तुझं बालपण कसं होतं, तर मला खडखडाट आठवत नाही. ती शांतता आठवते.

पुढं साथ आली, शाळा बंद झाल्या, अभ्यास फोनवर आला. आमच्यासारख्यांच्या घरात एक फोन, त्यात नेट नाही. चाचानं स्वतःच्या ओट्यावर एक राऊटर ठेवला आणि त्याला पासवर्डच लावला नाही. आम्ही सगळी त्या ओट्यावर मांडीला मांडी लावून बसायचो. गणित, भूगोल, चित्रकला, सगळे वर्ग एकदम. मास्तर एका फोनमधून विचारायचे आणि उत्तर दुसऱ्याच वर्गातलं पोरगं द्यायचं. तिथंच मी चाचाकडून वायर सोलायला शिकले. आठ तारा, आठ रंग, ओळीत लावायच्या आणि चिमट्यानं दाबायच्या. मी घाई केली की तो म्हणायचा, “दम धर, धने. तार पळून जात न्हाई.”

ते नेट उघडं होतं, असुरक्षित होतं, आजच्या कुठल्याही नियमात बसणार नाही. मी स्वतः आज असं काही सापडलं तर बंद करीन. पण त्या ओट्यावर कोण बसलंय ते चाचाला बघून कळायचं. कुणी आलं नाही तर तो विचारायचा, त्याचं काय झालं?

केबल संपली, चाचाचा धंदा संपला. त्याची खोली या डब्यांच्या सरकारी योजनेनं भाड्यानं घेतली. फायरवॉल आता तिथंच आहे.

*

डबे घरोघर लागले तेव्हा चाचाकडे मीच गेले होते.

“लावून घ्या की चाचा. फुकट आहे.”

“फुकटात माझा श्वास मोजून कुणाचं काय भलं होणार हाय?”

“उद्या काय झालं तर कळंल तरी.”

“दोन दिवसांत वास येईल, तवा कळंलच.” तो आपल्याच बोलण्यावर खोकून खोकून हसला. “आणि धने, ह्यो डबा माझा श्वास कुणाला सांगणार? तुला? तू तर समोरच ऱ्हातीस. तू येऊन बघ की.”

मी डबा परत नेला. गल्लीत तेवढं एकच घर बिनडब्याचं राहिलं.

चाचा रोज सकाळी दहाच्या सुमारास आमच्या घरी चहाला यायचा. वडील होते तेव्हापासून यायचा. ते गेल्यावरही आला, आणि लोक काय बोलतील याचा विचार आईनंही केला नाही आणि त्यानंही. डबा लागल्यावर मात्र घोटाळा झाला. चाचाची चाल, चाचाचा श्वास नोंदलेला नव्हता. तो उंबऱ्यात पाय टाकायचा आणि पुण्यात माझ्या दादाच्या, रविराजच्या, मनगटावर मेसेज जायचा: आईच्या खोलीत अनोळखी हालचाल.

दादाचा फोन यायचा. “आई, घरात कोण आलंय?”

“कोण येणार? इलाही.”

“रोज?”

“तू चड्डीत मुतत होतास तवापासनं रोज.”

“तसं नव्हे गं. मी मीटिंगमध्ये असतो, घड्याळ वाजतं, उठून बाहेर यावं लागतं. त्यांना म्हणावं एकदा नोंद करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.”

दादा वाईट नाही. काळजी करणारा आहे, आणि काळजी करण्यासाठी त्याला रोज एक मेसेज मिळतो. तो मिळाला की त्याला वाटतं आपण आईजवळ आहोत. इकडे यायला त्याला दिवाळी लागते.

चाचानं नोंद केली नाही. भांडलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची काढून आपल्याच ओट्यावर ठेवली. आई आमच्या उंबऱ्यावर बसली. मध्ये गल्ली. दारातून बाहेर पडलेल्या लहरी तिथवर पोचेपर्यंत अगदी दुबळ्या होतात. नेमकं कुठं बसलं की पडद्यावर दिसत नाही ते मीच त्याला दाखवलं. चहाचा कप मी पलीकडं नेऊन द्यायची. मग दोघं ओरडून बोलत बसायची, जसे काही मागच चालू आहेत.

“मंगलाक्का, साखर कमी पडली!”

“साखर कमीच बरी! डॉक्टरनं सांगितलंय!”

“डॉक्टर माझा हाय का तुझा?”

दोन म्हाताऱ्या माणसांना गल्लीच्या दोन बाजूंना बसवलं आम्ही, आणि त्याला सुरक्षा म्हटलं.

*

त्या दिवशी आई कप घेऊन उंबऱ्यावर बसली आणि समोरची खुर्ची रिकामी होती. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. शेजारची इंदूमावशी भांडी घासत होती, ती उठली, चाचाचं दार ढकललं, आत गेली आणि तशीच बाहेर येऊन ओट्यावर मटकन बसली. तिला बोलावं लागलं नाही.

चाचा झोपेतच गेला होता. हात उशाखाली, तोंड भिंतीकडं.

पहिला फोन दादाचा. आईचा श्वास वाढलेला डब्यानं त्याला कळवला होता.

“काय झालं? आई धापा का टाकतेय?”

“चाचा गेले.”

तो म्हणाला, “डबा असता तर कळलं असतं गं.”

खरंच होतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं. “दादा, आत्ता फोन ठेव. नाहीतर मी तुला जे बोलीन ते तुला जन्मभर पुरंल.”

चाचाची मुलगी नसीमा बेळगावात. ती येईपर्यंत थांबायचं, दिवस कलतानाच्या नमाजानंतर जनाजा उठवायचा, असं त्याच्या भावकीनं ठरवलं. आणि मग इंदूमावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, डोळे कोरडे.

“धने, गल्ली बंद कर.”

मला माहीत होतं ती का आली. मागच्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हा गल्ली बंद झाली नव्हती. कुणी नको म्हटलं नाही. विचारायचं कुणाला तेच कुणाला सुचलं नाही. चाचा काठी टेकत आपल्या जुन्या खोलीपर्यंत गेला होता आणि कुलूप बघून परत आला होता. मावशी मढ्याशेजारी बसली होती आणि पलीकडच्या घरात मालिकेतली सासू किंचाळत होती.

“मावशी, खटका नाही गं आता,” मी म्हटलं. “वीज तोडली तरी डबे बॅटरीवर चालतात. मला करता येतं ते एकच, फायरवॉलमधून डब्यांची मंजुरी काढून घ्यायची. मग ते मुके. नेट नाही, टीव्ही नाही, काही नाही.”

“मग काढ.”

“मंजुरी काढली की शिकलेलं सगळं पुसतं. कायदाच तसा आहे. आपणच मोर्चा काढून करून घेतला ना, परवानगी संपली की आमच्या अंगाची माहिती त्याच क्षणी पुसा म्हणून? उद्या परत मंजुरी दिली तरी कोरी पाटी. कुणाचा श्वास कोणता हे तीन आठवडे कळणार नाही.”

मावशीला एका क्षणात समजलं. गल्लीत बाकी सगळ्यांना डबा म्हणजे टीव्ही आणि फोन. त्याच्या पहाऱ्यावर जगणारं माणूस एकच होतं.

“आणि मंगलचा तेवढा ठेवला तर?”

“एकटा चालत नाही. सगळे लागतात.”

“मग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. एवढी ताठ बाई, पण खांदे पडले. “जित्या माणसापरीस मढं मोठं न्हाई.”

“काय ऱ्हाऊ दे?” आई भिंतीला धरत मागं येऊन उभी होती. धाप लागलेली, पण सगळं ऐकलेलं. “धने, जा. बंद कर.”

“आई, तुला कळतंय का? तीन आठवडे तुझ्यावर कुणाचं लक्ष नसणार.”

“तू कुठं चाललीयास?”

“मी कामाला जाते. मी झोपते. माणूस आहे मी, यंत्र नाही!”

“तेच म्हणतीया मी.” ती उंबऱ्यावर टेकली. दम खाल्ला. “मला भ्या दाखवू नगंस. मला भ्या वाटतंयच. रोज डोळा लागताना वाटतंय. पर आज हितं टीव्ही वाजला तर उद्यापासनं मी ह्या दारात बसू कशी? समोर बघू कुठं?”

माझ्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. दादा. डब्यानं त्याला आईच्या श्वासाचं पुन्हा कळवलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, कारण लपवून केलं असतं तर ते मला पचलं नसतं.

“धनू, नको,” तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा. “चाचा गेले. त्यांना आता काही ऐकू येणार नाही. आई आहे अजून. तू असं करू नकोस, मी हात जोडतो.”

“तिनंच सांगितलंय.”

“ती म्हणेलच! तिचं ऐकून तू तिला मारणार आहेस का?”

त्याच्या बोलण्यात एक शब्द चुकीचा नव्हता. मी फोन बंद केला.

*

चाचाच्या जुन्या खोलीचं कुलूप काढलं. आत थंडगार, फायरवॉलचा पंखा घोंघावत होता. पडद्यावर गल्लीतले सगळे डबे ओळीनं हिरवे. प्रत्येक डब्याखाली घराचं नाव, नावाखाली श्वासांच्या बारीक रेघा. आईची रेघ मी कुठंही ओळखते. चढ, उतार, मध्येच सपाट, मग एकदम उंच.

सगळे निवडले. ‘मंजुरी काढा.’ यंत्रानं लाल अक्षरांत विचारलं, शिकलेली सर्व माहिती कायमची पुसली जाईल, खात्री आहे? मग कारण विचारलं. बिघाड, चोरी, आग, पूर, इतर. मयत हे कारण त्या यादीत नव्हतं. यादी करणाऱ्याच्या घरात कुणी मरत नसावं. मी ‘इतर’ निवडून लिहिलं: मयत झाली आहे, गल्ली बंद. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. काय कारवाई करायची ती करा.

बोट ठेवलं तेव्हा आईची रेघ सपाट होती. तशा अवस्थेत मला दाबता येईना. ती वर गेली, एक श्वास, दुसरा श्वास, आणि मी दाबलं.

हिरवे ठिपके वरून खाली राखाडी होत गेले. रेघा गेल्या.

मी बाहेर आले. आधी एका घरातली बातम्यांची बडबड तुटली, मग कुठलं तरी गाणं, मग पोरांचा खेळ. आमच्याकडं मोबाईलचे मनोरे काढून टाकून बरीच वर्षं झाली, घरात सगळं या डब्यांवरच. त्यामुळे दारं उघडायला लागली. आधी वैतागलेले चेहरे. काय झालं? कुणी बंद केलं? मग पलीकडून इंदूमावशीचा आवाज, “इलाही गेला. गल्ली बंद हाय.” म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि काही न विचारता चपला काढून बाहेर बसले. तरुणांनी म्हाताऱ्यांकडं बघितलं आणि तेही बसले.

मग ऐकू यायला लागलं. चाचाला आंघोळ घालत होते त्याचं पाणी. कुणाच्या तरी घरातला भिंतीवरच्या घड्याळाचा काटा. एक पाळणा करकरत होता. नसीमा रिक्षातून उतरली आणि कोपऱ्यावरूनच रडत आली, आणि ते रडणं पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गेलं, मध्ये काहीच आडवं आलं नाही. ती आईच्या गळ्यात पडली. आई चाचाच्या ओट्यावर बसली होती, त्याच्याच खुर्चीशेजारी, आणि नसीमाच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिच्या छातीतली घरघर मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू येत होती.

मी तिच्यापाशी जाऊन बसले. मला वडील आठवले नाहीत, खोटं कशाला सांगू. मला माग आठवले. तो खडखडाट पुन्हा सुरू व्हावा असं एकदम वाटलं. शांततेला तेव्हा अर्थ होता, कारण तिच्या दोन्ही बाजूंना माणसांचं काम चाललेलं असायचं. आता गोदामं. गोदामं आवाज करत नाहीत.

जनाजा उठला तेव्हा गोदामातली बाहेरच्या राज्यातली पोरं दारात उभी होती. त्यांनी चाचाला कधी पाहिलंही नसेल. “कौन थे?” एकानं विचारलं. “हमारे केबलवाले,” इंदूमावशी म्हणाली. पोरानं रुमाल डोक्याला बांधला आणि खांदा द्यायला गेला. त्याच्या मागून बाकीचे गेले.

*

माणसं कब्रस्तानातून परतल्यावर मी खोलीत गेले आणि सगळे डबे पुन्हा मंजूर केले. सगळे. मला त्यात काही लाज वाटली नाही. ओळीनं हिरवे झाले आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य आलं: शिकत आहे.

परत आले तर दिवेलागण झाली होती आणि दारात दादाची गाडी. मी फोन बंद केला तसा तो होता त्या अवस्थेत पुण्याहून निघाला होता, रस्ताभर फोन लावत. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. आई कॉटवर झोपलेली. तो उशाशी उभा, बूट न काढता.

“चालू केलंस?” दबक्या आवाजात ओरडला.

“केलं. पण तिला ओळखत नाही अजून.”

“धनू, काय केलंस तू हे? माझ्या घड्याळावर दिवसभर काही नाही. काही म्हणजे काही नाही. मला वाटलं...”

“बस,” मी म्हटलं.

तो कॉटच्या कडेला बसला. खोलीत तिघंच. आईचा श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती, बाहेर येताना काहीतरी ओढत आणल्यासारखा घासत होता. दादा ऐकत राहिला. त्याचा चेहरा बदलत गेला.

“असा आवाज असतो?”

“असाच असतो.”

“दोन वर्षं मला रोज आलेख येतो गं. हिरवी रेघ. मी जेवताना बघतो, लिफ्टमध्ये बघतो.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “असा आवाज असतो हे माहीत नव्हतं.”

तेवढ्यात तो थांबला. आईचा श्वास. शिट्टी नाही, घासणं नाही, काही नाही. दादा ताडकन उठला, मी त्याचं मनगट धरलं. “थांब. बघ तिच्याकडं. येतो कधीकधी आपला आपण.” त्याची नाडी माझ्या बोटांखाली उड्या मारत होती. डबा भिंतीवर हिरवा, मख्ख. मी त्याचं मनगट सोडून आईच्या खांद्याकडं हात नेला, आणि हात पोचायच्या आधी तिनं खोल, लांब, खरखरीत श्वास ओढला.

दादा जमिनीवरच बसला. बऱ्याच वेळानं त्यानं बूट काढले. गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात कोंबलं. मग सतरंजी कुठं असते ते मला विचारावं लागू नये म्हणून दोन कपाटं धुंडाळली, आणि ती कॉटला चिकटून पसरली.

“तीन आठवडे ना?” तो म्हणाला. “अर्धा वेळ तू, अर्धा वेळ मी.”

सतरंजीवर त्याला नीट बसता येईना. गुडघे पोटाशी घेतले, मग पाय पसरले, मग कॉटच्या पायाला टेकला. नजर आईच्या छातीवरून हलत नव्हती.

“कोण हाय?” आईनं डोळे न उघडता विचारलं.

“मी. रवी.”

“कवा आलास?”

“आत्ताच.”

“जेवलास?”

“नाही अजून.”

“इंदूनं भाकरी दिल्यात, त्या खा.” तिनं हात खाली सोडला, चाचपडत त्याच्या डोक्यावर ठेवला. “आणि असा अवघडून बसू नगंस. आडवा हो. मी हाय जागी.”